एक लॅपटॉप, तीन माणसं आणि शाळेचा मेल: एका वर्गशिक्षिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

लालबाग-परळ भागातली मराठी माध्यमाची एक अनुदानित माध्यमिक शाळा. मी तिथे संगणक शिकवतो आणि शाळेची गूगल खाती सांभाळतो. हे प्रकरण आमच्याच एका वर्गशिक्षिकेचं आहे. त्यांच्या आणि मुख्याध्यापिकांच्या संमतीने लिहितो आहे, आणि ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे. त्यांना इथे नुसतं बाई म्हणतो.

बाई दहावीला मराठी शिकवत. राहायला भांडुपला, वन रूम किचनमध्ये. मे अखेर ५८ पूर्ण होऊन निवृत्ती ठरलेली. गोष्ट जानेवारीतली, म्हणजे पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायचे, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरायचे, शिष्यवृत्तीसाठी मुलांची कागदपत्रं गोळा करायची आणि त्यातच स्वतःच्या पेन्शनची फाइल. एवढं काम शाळेत उरकत नाही. करी रोडहून स्लो गाडी पकडून घरी पोचायचं, जेवणं उरकायची आणि मग लॅपटॉप उघडायचा, हा बाईंचा रोजचा क्रम.

लॅपटॉप घरात एकच. बाई, त्यांचे यजमान आणि बारावीतली लेक, तिघं तोच वापरत. विंडोजचं खातं एक, त्याला पासवर्ड नाही, क्रोमची विंडोही एकच. त्या विंडोत चार जीमेल खाती जोडलेली होती: बाईंचं घरचं, यजमानांचं, लेकीचं आणि शाळेचं.

शाळेचं खातं आलं ते २०२० मध्ये. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये नवं वर्ष पडद्यावर सुरू झालं. शाळांसाठीच्या गूगलच्या या सेवेला तेव्हा जी सूट फॉर एज्युकेशन म्हणत, २०२१ मध्ये तिचं नाव वर्कस्पेस फॉर एज्युकेशन झालं. शिक्षकांना व्हॉट्सॲपवर मेल पत्ता, पासवर्ड आणि क्लासरूमचा कोड मिळाला आणि दुसऱ्या दिवसापासून तास सुरू. घरच्या संगणकावर हे खातं कसं ठेवायचं, हे सांगायला कुणालाच उसंत नव्हती. जीमेल उघडं होतंच, त्यात 'दुसरं खातं जोडा' करून बाईंनी ते जोडलं. आमच्या बहुतेक शिक्षकांनी तेच केलं.

अडचण

पहिली कुणकुण शाळेत लागली नाही, सोसायटीच्या जिन्यात लागली. बाईंची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. कराराचा मसुदा सगळ्या सभासदांना मेलने पाठवला होता आणि हरकती कळवायला मुदत होती. सेक्रेटरी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "बाई, तुमचा मेल परत येतोय. पत्ता बदललात का?"

पत्ता तोच होता. बाईंच्या घरच्या खात्याची १५ जीबी जागा भरली होती. जागा भरून वर गेली की जीमेल मेल घेत नाही आणि पाठवूही देत नाही, आलेला मेल पाठवणाऱ्याकडे परततो. जून २०२१ पासून फोनमधले फोटोही याच १५ जीबीत मोजले जातात, त्यामुळे जागा आधीच काठोकाठ आली होती. तिच्यावर शेवटचा भार टाकला तो शिष्यवृत्तीच्या फॉर्मने.

कागदपत्रं मागवायला बाईंनी आधी शाळेच्या खात्यातून गूगल फॉर्म केला होता. पालकांनी तो उघडला तर 'परवानगी हवी' असा संदेश. शाळेच्या खात्यातला फॉर्म मुळात शाळेपुरताच खुला असतो, सेटिंगमध्ये जाऊन तो बाहेरच्यांसाठी मोकळा करावा लागतो. हे ठाऊक नसल्याने बाईंनी रात्री घरी बसून फॉर्म पुन्हा केला. लॅपटॉपवर सगळ्यात आधी साइन इन झालेलं खातं त्यांचं घरचं होतं, त्यामुळे नवा फॉर्म आपोआप तिथे गेला. हा मात्र पालकांना सहज उघडला. चला, जमलं एकदाचं, असं बाईंना वाटलं. आधार कार्ड, जातीचा दाखला आणि बँक पासबुकाचं पहिलं पान यांचे फोटो भराभर येऊ लागले.

फॉर्मवर चढवलेली फाइल ज्याने फॉर्म केला त्याच्या ड्राइव्हमध्ये जाऊन बसते. चाळीसेक मुलांची कागदपत्रं अशा रीतीने एका शिक्षिकेच्या खासगी ड्राइव्हमध्ये, तिच्या सहलीच्या फोटोंच्या आणि गॅसच्या बिलांच्या शेजारी जाऊन पडली. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कोणी भाजीच्या पिशवीतून नेत नाही, पण इथे न कळत नेमकं तेच झालं होतं.

लेक प्रकल्पासाठी ड्राइव्ह उघडून बसली होती. तिने विचारलं, "आई, ही कुणाची पासबुकं दिसतायत इथे?" बाईंनी मला सांगितलं, की मेल बंद पडल्याने त्या वैतागल्या होत्या, पण लेकीच्या या प्रश्नाने हादरल्या. त्यातल्या एका मुलाचे वडील हयात नाहीत आणि पासबुक आजीच्या नावावर आहे. ही गोष्ट त्या मुलाने वर्गात कुणालाही सांगितलेली नाही.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिकांनी पूर्वपरीक्षेचा गुणतक्ता मागितला. लिंक उघडली तर 'तुम्हाला प्रवेश नाही'. तोही घरच्या खात्यात तयार झाला होता. तेव्हा बाई माझ्याकडे आल्या.

आम्ही दोघांनी एक फुलस्केप कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि कुठलं काम कुठल्या खात्यात आहे ते लिहीत गेलो. तेव्हा कळलं, की उलट दिशेनेही तितकीच सरमिसळ होती. बँक, आयकराचं पोर्टल आणि एका विमा पॉलिसीत बाईंनी शाळेचा मेल पत्ता दिला होता, कारण 'तो जरा बरा दिसतो'. शाळेचा पासवर्ड क्रोमने घरच्या खात्यात जतन केला होता. तेच खातं लेकीच्या फोनमध्येही असल्याने तो तिथेही पोचला होता. मे अखेर बाई निवृत्त होणार आणि जूनमध्ये शाळेचं खातं बंद होणार. तोवर बँकेतला पत्ता बदलला नसता, तर तो बदलण्यासाठी येणारा पडताळणीचा मेलच बाईंना मिळाला नसता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे तसंच चालू द्यायचं आणि दर वेळी वरच्या गोल फोटोवर टिचकी मारून खातं बदलायचं. बाईंचा सुरुवातीचा कल हाच होता: "मी लक्ष ठेवीन ना." मी याला ठाम नकार दिला. एका विंडोत अनेक खाती असली, की सगळ्यात आधी साइन इन झालेलं खातं डिफॉल्ट ठरतं. नवा फॉर्म, नवी शीट, मीटची लिंक, सगळं आधी तिकडे धावतं. पत्त्याच्या पट्टीत 'यू'पुढे शून्य दिसतं ते हे पहिलं खातं, पुढची खाती एक, दोन, तीन. रात्री साडेदहाला पेपर तपासून थकलेल्या माणसाने तो आकडा बघत बसावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय एका खात्यातून साइन आउट केलं की त्या विंडोतली सगळी खाती बाहेर पडतात. परत येताना घरातल्या ज्याने आधी साइन इन केलं, त्याचं खातं डिफॉल्ट होतं. म्हणजे हा क्रमसुद्धा बाईंच्या हातात राहत नव्हता.

दुसरा पर्याय दोन वेगळे ब्राउझर: शाळेसाठी एज, घरासाठी क्रोम. सोपा आणि फुकट, एज विंडोजबरोबर येतोच. ज्यांना सेटिंगमध्ये शिरायची भीती वाटते त्यांना मी आजही हाच सुचवतो. बाईंना तो नको होता, कारण लेक एज वापरू लागली होती.

तिसरा, क्रोममध्येच दोन प्रोफाइल. प्रत्येक प्रोफाइलचे बुकमार्क, इतिहास, पासवर्ड, एक्स्टेन्शन आणि लॉगिन स्वतंत्र असतात. विंडोचा रंग वेगळा ठेवता येतो आणि डेस्कटॉपवर दोन वेगळे आयकॉन येतात. उणीव एकच, पण मोठी: प्रोफाइलला कुलूप नसतं. लॅपटॉप ज्याच्या हातात, त्याला दोन्ही प्रोफाइल उघडता येतात.

चौथा, विंडोजमध्येच प्रत्येकाचं वेगळं, पासवर्ड असलेलं खातं. सगळ्यांत पक्का उपाय हाच. फाइली, डाउनलोड, डेस्कटॉप, सगळं वेगळं होतं. माझा आग्रह होता की बाईंचीही दोन विंडोज खाती करावीत, एक शाळेचं आणि एक घरचं. बाईंनी ते वापरून पाहिलं आणि नाही म्हणाल्या. लॅपटॉप जुना, चार जीबी रॅमचा. एक खातं उघडं ठेवून दुसऱ्यात गेलं की तो अडखळतो. "सर, मी दुसऱ्या दिवशी कंटाळून पुन्हा एकातच सगळं करायला लागेन." हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटलं. कागदावर उत्तम पण रोज पाळली न जाणारी व्यवस्था काय कामाची?

दोन्ही खाती आउटलुकसारख्या एकाच प्रोग्राममध्ये आणायची, हाही विचार झाला. तो लगेच सोडला, कारण उत्तर देताना चुकीच्या पत्त्यावरून मेल जाण्याचा धोका तिथेच सर्वांत जास्त.

काय ठरलं आणि काय केलं

शेवटी तिसरा आणि चौथा पर्याय मिळून एक व्यवस्था बसवली. माणसं विंडोजच्या पातळीवर वेगळी करायची आणि बाईंची कामं क्रोमच्या पातळीवर. लेकीला आणि यजमानांना स्वतंत्र, साधी विंडोज खाती दिली. बाईंच्या खात्याला पासवर्ड लावला आणि उठताना विंडोजचं बटण व एल एकत्र दाबून स्क्रीन लॉक करायची सवय ठरवली. चहाला उठल्या तरी.

प्रत्यक्षात मात्र सुरुवात प्रोफाइलपासून केली. बाईंच्या खात्यात शाळेसाठी नवं प्रोफाइल उघडलं, विटकरी रंगाचं. शाळेची इमारत त्याच रंगाची असल्याने निवड बाईंनीच केली. साइन इन करताना क्रोमने विचारलं, की हे खातं संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे, पुढे जायचं का? बाई थबकल्या. त्यांना वाटलं, शाळेला आता घरचा अख्खा लॅपटॉप दिसणार. तसं नसतं. या प्रोफाइलवर शाळेचे नियम लागू होतात आणि शाळेच्या खात्यातला मजकूर व्यवस्थापकाला गरज पडल्यास पाहता येतो, पण शेजारच्या घरच्या प्रोफाइलशी त्याचा संबंध नाही. मात्र हीच पाटी घरच्या प्रोफाइलमध्ये शाळेचं खातं जोडताना आली, तर तिथे थांबायलाच हवं. ज्या शाळा मायक्रोसॉफ्टची सेवा वापरतात, त्यांच्या शिक्षकांना वर्ड किंवा टीम्समध्ये साइन इन करताना असाच प्रश्न येतो. तिथे संपूर्ण संगणक संस्थेकडे नोंदवायचा नसेल, तर 'फक्त या ॲपमध्ये साइन इन' निवडायचं.

सगळ्यात महत्त्वाची पायरी यानंतरची, आणि नेमकी तीच लोक विसरतात: जुन्या प्रोफाइलमधून शाळेचं खातं काढून टाकणं. ते तिथे राहिलं तर नवं प्रोफाइल नुसती शोभा. आम्ही ते काढलं, शाळेचा जतन केलेला पासवर्ड पुसला, नवा पासवर्ड ठेवला आणि दुहेरी पडताळणीचा नंबर लेकीचा होता तो बदलून बाईंचा केला. डाउनलोडचं फोल्डर प्रोफाइल वेगळं केलं म्हणून आपोआप वेगळं होत नाही. शाळेच्या प्रोफाइलमध्ये ते 'शाळा' नावाच्या फोल्डरवर वळवलं.

आता मुलांची कागदपत्रं. ड्राइव्हमधल्या फाइलीची मालकी घरच्या खात्याकडून शाळेच्या खात्याकडे वर्ग करता येत नाही, गूगल ते संस्थेच्या आतच करू देतं. त्यामुळे फोल्डर उतरवून शाळेच्या शेअर्ड ड्राइव्हवर चढवण्याचा मार्ग होता. शेअर्ड ड्राइव्हवरची फाइल व्यक्तीच्या नावावर नसते, संस्थेची असते, म्हणजे बाई गेल्या तरी ती राहते. मी तेच करायला निघालो होतो. मुख्याध्यापिकांनी वेगळाच प्रश्न केला: "हे फोटो आपल्याला हवेतच कशाला? मूळ कागद कार्यालयात बघून लिपिकांनी खूण केली तर नाही चालणार?"

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, जे आपण गोळाच केलं नाही ते सांडण्याचा प्रश्न येत नाही. अर्ज भरण्यापुरते लागले तेवढे फोटो शेअर्ड ड्राइव्हवर घेतले, काम झाल्यावर तिथूनही काढायची तारीख ठरवली. घरच्या ड्राइव्हमधलं सगळं पुसलं आणि ट्रॅशही रिकामी केली, नाहीतर फाइली तिथे ३० दिवस पडून राहतात आणि तोवर जागाही सुटत नाही. नुसता फॉर्म पुसून भागत नाही, आलेल्या फाइली ड्राइव्हमध्ये तशाच राहतात. नवा फॉर्म शाळेच्या खात्यातून केला, बाहेरच्यांसाठी मोकळा केला, आणि त्यात फोटो मागितला नाही.

बँक, आयकर आणि विम्यातले पत्ते बदलणं हे बाईंचं स्वतःचं काम होतं. ते त्यांनी शाळेचं खातं चालू असतानाच, एकेक करून फेब्रुवारीत संपवलं.

एक प्रश्न उरला होता, जरा नाजूक. इतक्या वर्षांत बाईंनी केलेल्या व्याकरणाच्या टिपणांवर आणि प्रश्नपत्रिकांवर हक्क कुणाचा? शाळेच्या खात्यातला मजकूर घरच्या खात्यात नेण्यासाठी गूगलचं एक साधन आहे आणि शाळेने परवानगी दिली तर ते चालतं. पण ते सगळा ड्राइव्ह एकगठ्ठा नेतं, म्हणजे मुलांचे गुण आणि निबंधही गेले असते. मुख्याध्यापिका, बाई आणि मी एकत्र बसलो. टिपणं आणि प्रश्नपत्रिका यांची प्रत बाईंनी न्यावी, मूळ शाळेत राहावं, आणि मुलांचं नाव असलेला एकही कागद बाहेर जाऊ नये, असं ठरलं. बाईंनी ते फोल्डर हाताने निवडून उतरवलं. त्यातल्या वाक्प्रचारांच्या टिपणांवर नवीन आलेल्या शिक्षिका आता शिकवतात.

काय झालं

घरच्या मेलची जागा सुटली आणि करारावरच्या हरकती बाईंनी मुदतीत पाठवल्या. बोर्डाच्या तोंडी परीक्षांचे गुण विटकरी विंडोतूनच भरले गेले आणि एकही शीट भलत्या खात्यात गेली नाही. जूनमध्ये खातं बंद केलं तेव्हा त्यात बाईंचं असं काही उरलं नव्हतं. हटवलेलं खातं व्यवस्थापकाला २० दिवसांच्या आत परत आणता येतं. ती मुदतही गेली, बाईंचा फोन आला नाही.

एक गळती मात्र राहिली, आणि ती पुरती बुजली नाही. शिक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. व्हॉट्सॲप वेब घरच्या प्रोफाइलमध्ये उघडं असे, त्यामुळे ग्रुपवर आलेली शाळेची लिंक टिचकी मारताच घरच्या खात्यात उघडे आणि पुन्हा 'प्रवेश नाही'. यावर उजवी टिचकी मारून लिंक दुसऱ्या प्रोफाइलमध्ये उघडण्याची सोय क्रोममध्ये आहे. बाईंनी ती शिकून घेतली, पण घाईत ती विसरली जाई. शाळेच्या प्रोफाइलमध्येही व्हॉट्सॲप जोडता आलं असतं, एका नंबरला चार उपकरणं जोडता येतात. पण मग घरच्या गप्पा शाळेच्या विंडोत आल्या असत्या. बाईंनी ते नाकारलं आणि मला ते पटलं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम बदलता आला असता. आम्ही प्रोफाइलपासून सुरुवात केली आणि विंडोजचा पासवर्ड नंतर लावला, कारण लेकीची सबमिशन चालू होती आणि तिला मध्येच अडवायचं नव्हतं. त्या मधल्या काळात मुलांची कागदपत्रं सगळ्यांना दिसतील अशीच होती. अशा ठिकाणी आधी कागदपत्रं हलवावीत, बाकीची मांडणी मागाहून.

शाळेकडून व्हायला हवं ते याहून मोठं आहे. पालकांसाठीचा फॉर्म एकट्या वर्गशिक्षिकेने रात्री घरी बसून करावा लागणं हीच मूळ अडचण. आता शाळेने बाहेरच्यांसाठी मोकळा असलेला कोरा नमुना फॉर्म करून ठेवला आहे. वर्गशिक्षक त्याची प्रत घेतात आणि त्यात फाइल मागायची असेल तर मुख्याध्यापिकांना विचारावं लागतं. पहिला फॉर्म पालकांना उघडला नाही, तेव्हा बाईंना विचारायला कोणी असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

निवृत्तीचा प्रश्नही पेन्शनच्या फाइलबरोबरच हातात घ्यायला हवा. सेवापुस्तक, वेतन पथकाकडचे कागद, आणि त्यातच एक ओळ: शाळेचा मेल पत्ता आणखी कुठे कुठे दिला आहे? यंदा निवृत्त होणाऱ्या दोघांना ही ओळ दिवाळीच्या सुट्टीआधीच दिली आहे. त्यातल्या एका सरांच्या यादीत डीमॅट खातं निघालं.